पंचवीस माणसे, तीन पिढ्या आणि दुपारचे एक जेवण : लातूर परिसरात कोठे व कसे जमवावे?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. आमच्या आण्णांना येत्या माघ महिन्यात ७५ वर्षे पूर्ण होत आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक म्हणून उभी हयात घालवलेल्या आण्णांनी सभागृह, सत्कार, शाल-श्रीफळ या सगळ्याला आधीच नकार दिला असून, "आपली माणसे एकदा निवांत एकत्र जेवू द्या, दुसरे काही नको," एवढेच मागितले आहे. घरी पंगत घालायची म्हटली तर आई आणि माझी पत्नी आदल्या दिवसापासून स्वयंपाकघरात अडकणार, आणि सगळे जमूनही त्या दोघींना कोणाशी चार शब्द बोलता येणार नाहीत. म्हणून दुपारचे जेवण बाहेरच करावे असे आम्हा भावंडांचे ठरले आहे.

माणसे साधारण २५ होतील. पुण्याची आणि नांदेडची अशा दोन्ही बहिणी कुटुंबांसह येतील, ऐंशी पार केलेली आत्या येईल आणि आण्णांचे चार जुने स्नेही येतील. या चौघांत एक माळकरी आहेत, एक जैन आहेत, एक मुस्लिम आहेत आणि चौथे समोर येईल ते आनंदाने खाणारे आहेत. घरातली निम्मी माणसे मटणाची शौकीन आहेत, तर लहान मुलांना तिखट अजिबात चालत नाही. आत्याचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला खाली बसता येत नाही.

सध्या दोन जागा डोळ्यांसमोर आहेत. एक शहरातले वातानुकूलित हॉटेल आहे. तेथे लिफ्ट आहे, वाहने लावायला जागा आहे आणि खाद्यपदार्थांची यादी मोठी आहे. परंतु तीत पनीरच्या भाज्या, तंदुरी रोटी आणि फ्राइड राइस यांपलीकडे फारसे काही नाही आणि आण्णांना दुपारी ज्वारीची भाकरी लागतेच. दुसरी जागा म्हणजे औशाच्या रस्त्यावरची एक खानावळ. चुलीवरची भाकरी, काळ्या मसाल्याचा रस्सा, भरली वांगी, पिठले, ठेचा असे आमच्या जिभेला ओळखीचे सगळे तेथे मिळते, पण रविवारी दुपारी तेथे उभे राहायला जागा नसते.

माझे प्रश्न असे आहेत : एवढ्या माणसांसाठी यांतली कोणती जागा योग्य ठरेल? खानावळ निवडल्यास मालकांशी आधी नेमके काय बोलून घ्यावे? आणि माळकरी, जैन व मटण खाणारे अशा सगळ्यांना एकाच ठिकाणी, कोणालाही संकोच न वाटता, कसे बसवावे? ज्यांनी अशी जेवणे जमवली असतील त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चुलीवरचा तवा (धाराशिव)

मांजराकाठ दादा, आण्णांना माझा नमस्कार सांगावा. आमची वडिलांपासूनची खानावळ आहे, त्यामुळे आमच्या बाजूने हे कसे दिसते ते सांगतो.

मोठ्या मंडळींच्या जेवणात सगळ्यात आधी अडते ती भाकरी. सराईत बाई एका तव्यावर तासाला साधारण २५ ते ३० भाकरी करते. आपल्या माणसांना प्रत्येकी दोन धरल्या तरी ५० भाकरी लागतील, म्हणजे एकच चूल पेटलेली असेल तर शेवटच्या माणसाच्या ताटात भाकरी पडेपर्यंत पहिल्याचे हात वाळून जातील. म्हणून "तुमच्याकडे भाकरी मिळते का" असे न विचारता "आमच्या वेळेला किती चुली आणि किती हात असतील" असे विचारा. काही ठिकाणी सकाळीच भाकरी करून फडक्यात बांधून ठेवतात. ती नको असल्याचे तोंडावर सांगा, कारण तासाभरात ती चिवट होते आणि वयस्कर माणसाला तोडवत नाही. पीठ केव्हा दळले आहे हेही विचारायला हरकत नाही. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे बांधून राहण्याचा गुण, जाते, मग कितीही आधणाचे पाणी घातले तरी थापताना भाकरीला चिरा पडतात. मालदांडी ज्वारीचे ताजे पीठ असेल तर भाकरी टम्म फुगते आणि पापुद्रा सुटून येतो. आमच्याकडे चार माणसे जास्त आली तर मी आधी कडक भाकरी आणि रस्सा पुढे करतो. तरुण मंडळी ती चुरून खायला लागतात, तोवर ज्येष्ठांच्या ताटात गरम भाकरी पोहोचते. वाढायला सुरुवात मात्र आपल्या आत्याबाईंपासून आणि आण्णांपासून करायला सांगा.

आता मटणाचे. पंधराएक माणसे खाणारी असतील तर साडेतीन ते चार किलो पुरते आणि ते आदल्या दिवशी सांगावे लागते. आपल्या भागात उस्मानाबादी शेळीचा बोकड मिळतो, त्याचे मटण चवीला चांगले असते. मात्र ते घाईत शिजवू नये. शिजवताना पहिल्यांदा नुसते हळद, मीठ, आले-लसूण घालून पाणी सुटू देतात. त्यातले अळणी, म्हणजे बिनमसाल्याचा पातळ रस्सा, पातेलेभर बाजूला काढून ठेवायला सांगा. मुलांना भातावर ते अळणी आणि दोन मऊ फोडी वाढल्या की त्यांच्यासाठी वेगळे काही मागवावे लागत नाही, आणि आत्याबाईंनाही तिखट सोसत नसेल तर तेच चालेल. काळा मसाला त्यानंतर पडतो. आमच्याकडचे मटण मुलाण्याकडूनच, म्हणजे हलाल केलेले, येते, बहुतेक खानावळींत तशीच रीत आहे. तरीही आपल्या मुस्लिम स्नेह्यांना विचारण्याची वेळ येऊ नये म्हणून आपणच आधी खात्री करून त्यांना कळवा. पाहुण्याला ताटावर बसून चौकशी करावी लागणे बरे दिसत नाही.

जैन आणि माळकरी मंडळींसाठी वेगळे टेबल मुळीच मांडू नका. त्याऐवजी वरण, एक पालेभाजी, एक फळभाजी आणि चटणी हे चार पदार्थ सगळ्यांसाठीच कांदा, लसूण आणि बटाटा यांच्याशिवाय करायला सांगा. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तुरीच्या डाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्या डाळीचे साधे वरण हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन केले तर लसणाची आठवणही येत नाही. दोडका, मेथी, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी, दही हे सगळे यात बसते. हे पदार्थ सकाळी, कांद्याला सुरी लागण्यापूर्वी, वेगळ्या भांड्यांत शिजवून झाकून ठेवावेत आणि त्यांचे डावही वेगळे असावेत. मटण, पिठले, ठेचा आणि वांगी ज्यांना हवी त्यांना वरून वाढावीत. असे केले की मूळ ताट सगळ्यांचे सारखे राहते.

वेळ पावणेबाराची घ्या. रविवारी आमच्याकडे एकपासून साडेतीनपर्यंत गर्दी असते, त्या वेळी मी स्वतः उभा राहिलो तरी पंचवीस माणसांकडे नीट लक्ष देता येत नाही. आणि निम्मे पैसे आधी देऊन उरलेल्या रकमेची पावती गल्ल्यावरच घ्या, टेबलावर आणू देऊ नका. आण्णांचे स्नेही त्यांच्याच पिढीचे आहेत, पावती दिसली की चौघांचे हात खिशाकडे जातील आणि शेवटचा अर्धा तास त्या आग्रहात निघून जाईल.

दुधनाकाठची लेक (सेलू, जि. परभणी)

मांजराकाठ दादा, आपला प्रश्न आणि वरचे उत्तर दोन्ही मनापासून वाचले. आपण आण्णांना काय लागते, आत्यांना काय झेपते, स्नेह्यांना काय चालत नाही, हे सगळे लिहिले आहे. आईंना काय आवडते ते मात्र कोठे आले नाही, म्हणून माझा एक अनुभव लिहिते.

माझा भाऊ नोकरीला लागला तेव्हा आम्ही माहेरची सगळी मंडळी, त्याचे दोन मित्र आणि शेजारच्या काकू असे परभणीत एका साध्या भोजनालयात जेवायला गेलो होतो. ताटे मांडली गेली तशी आई सवयीने अर्धी उठली आणि शेजारच्या ताटात चटणी सरकवू लागली. वाढणारा मुलगा हातातले भाकरीचे टोपले तसेच धरून थांबला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही बसा. वाढायला मी आहे ना." मग त्याने तव्यावरून आलेली पहिली भाकरी आईच्या ताटात ठेवली. ती इतकी गरम होती की पापुद्र्याला बोट लावताच आतली वाफ बाहेर आली. आईने तो पापुद्रा अलगद सोडवला, त्यावर करडईचे तेल आणि चिमूटभर तिखट-मीठ घालून घेतले आणि तो सगळा एकटीने खाल्ला. आमच्या घरी पापुद्रा नेहमी आम्हा मुलांच्या वाट्याला यायचा, आणि तिच्या ताटात शेवटची, कडेला काळी पडलेली भाकरी असायची. त्या दिवशी तिने तिसरी भाकरी मागून घेतली. भावाच्या मित्रांशी तिने त्यांच्या गावाकडच्या पावसापाण्याच्या गोष्टी काढल्या, त्यांच्या आयांची नावे विचारली, आणि आम्ही हात धुऊन आलो तरी ती ताटावरून उठली नव्हती. पदार्थ अगदी साधे होते : हरभऱ्याच्या वाळवलेल्या पाल्याची भाजी, वरण, भात आणि एक गोड. तरीही आमच्या घरात बाहेरच्या जेवणाचा विषय निघाला की याच जेवणाचे नाव निघते.

म्हणून बसण्याच्या जागा आपण आधीच ठरवाव्यात, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आईंना आणि वहिनींना टेबलाच्या मधोमध, बोलत्या माणसांच्या शेजारी बसवा. दाराकडच्या किंवा मुलांच्या टोकाला बसवू नका, कारण तेथे बसलेली बाई जेवणभर उठत-बसत राहते. लहान मुलांना त्यांच्या वडिलांजवळ बसवा आणि भरवण्याची, हात धुवून आणण्याची जबाबदारी वडिलांनी घ्यावी. हे जागेवर कोणी सुचवत नाही. घरातल्या मोठ्या मुलाने आधी बोलून ठेवले तरच होते. छायाचित्रेही जेवणानंतर काढावीत. भाकरीचा पापुद्रा कोणासाठी थांबत नाही.

देवगिरीचा पायथा (छत्रपती संभाजीनगर)

चर्चा चांगली चालली आहे, तरी खानावळच हवी आणि शहरातले हॉटेल नको, असा सूर लागत आहे, त्याबद्दल थोडे वेगळे मत मांडतो. जेवण कोणत्या छपराखाली झाले यापेक्षा त्या ठिकाणाला आपला असा एखादा पदार्थ हातखंडा म्हणून करता येतो की नाही, हे पाहावे. मुलाच्या लग्नानंतर सूनबाईंच्या माहेरची मंडळी कोकणातून प्रथमच आमच्याकडे आली, तेव्हा मी त्यांना आमच्या जुन्या शहरातल्या एका लहानशा हॉटेलात नान-खलिया खायला नेले. माझे दोन शाळूसोबती आणि त्यांच्या घरची मंडळीही बरोबर होती. भट्टीतून निघालेले जाड, मऊ, वरून हळदीची पिवळी चकाकी असलेले नान आणि मोठ्या देगेत शिजलेला, वर लाल तर्री आलेला पातळ खलिया एवढेच तेथे मिळते. नान मोडून खलियात भिजवायचे, तुकडा मऊ होऊ द्यायचा आणि मग खायचा, हे माझ्या मित्राने व्याहीबुवांना करून दाखवले, आणि पुढचा तासभर ते दोघे समुद्राच्या मासळीपासून आमच्याकडच्या आटलेल्या विहिरींपर्यंत बोलत राहिले. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ इकडे आला, असे आमच्याकडे सांगितले जाते. ही कथा ऐकत त्या पाहुण्यांनी दौलताबादच्या किल्ल्याची दिशा विचारून घेतली. दुपारी लवकर गेलो होतो म्हणून मिळाले, उशीर झाला की देग रिकामी होते.

पुण्याच्या बहिणीकडची मुले आपल्याकडे क्वचित येत असतील, तर त्यांच्यासाठीही ही संधी आहे. येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात जी भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील लातूर-धाराशिवकडे घरोघरी होते, ती या मुलांनी चाखली आहे का? माघात येळवस उलटून गेलेली असेल, पण खानावळीचे मालक तयार असतील तर डाळी-दाण्यांची आणि पालेभाज्यांची ती भज्जी एका पातेल्यात करून घेता येईल. जैन स्नेह्यांसाठी तीत लसूण टाळावा लागेल, तेवढे सांगून ठेवा.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. जेवणाला कोणतेही प्रेक्षणीय स्थळ जोडू नका. पाहुण्यांना वेरूळ दाखवायचे असेल तर ते स्वतंत्र दिवशी दाखवावे (मंगळवारी लेणी बंद असतात). सकाळभर उन्हात पायऱ्या चढून आलेले वृद्ध जेवणाच्या वेळी गप्पांना उरत नाहीत. आणि ज्या दालनात दूरचित्रवाणी संच मोठ्या आवाजात चालू असतो ते दालन घेऊ नका, किंवा तो बंद ठेवण्याची अट आधीच घाला. आण्णांच्या वयाच्या चार मित्रांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नसेल तर त्यांना एकत्र बोलावून काय साधले?

उदगीर फाटा

थोडक्यात लिहितो. ठरवण्यापूर्वी रविवारी त्याच वेळेला स्वतः जाऊन पाहा. दारातल्या पायऱ्या, स्वच्छतागृहात खुर्चीसारखे बसण्याची सोय आहे का, पिण्याचे पाणी कसे आहे, आणि लाकडी बाकांना पाठ आहे का, एवढ्या चार गोष्टी आत्यांसाठी तपासाव्यात. चुलीचा धूर कोणत्या बाजूला जातो तेही बघा. दम्याचा त्रास असलेले कोणी असेल तर ते महत्त्वाचे आहे. आणखी एक म्हणजे तिथी पाहून दिवस ठरवा. माघात जया एकादशी, संकष्टी आणि महाशिवरात्र येते. त्यांतली एखादी नेमकी आपल्या दिवशी आली तर आपले माळकरी स्नेही ताटापुढे नुसते बसून राहतील.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघे भाऊ खानावळीत जाऊन आलो. मालक रविवारी तिसरी चूल पेटवायला तयार आहेत आणि पावणेबारापासून मागचे दालन आम्हाला देणार आहेत. तेथे दूरचित्रवाणी संच नाही आणि दाराला एकच पायरी आहे. स्वच्छतागृहाची सोय मात्र आत्यासाठी पुरेशी नाही, पण तेथून हाकेच्या अंतरावर आण्णांच्या एका विद्यार्थ्याचे घर आहे आणि त्यांनी आनंदाने होकार दिला आहे. वरण, दोडका, मेथी आणि चटणी हे सगळ्यांसाठी कांदा-लसणाविना, अळणी बाजूला, पावती गल्ल्यावर, हे सर्व ठरले. तिथी पाहून दशमीचा रविवार धरला आहे. गोड म्हणून भूमकडच्या खव्याचे पेढे नेणार आहोत.

दुधनाकाठच्या ताईंचे उत्तर मी आईला वाचून दाखवले आणि तिला काय हवे ते विचारले. तिने क्षणभरही न थांबता दही-धपाटे सांगितले. लग्नापूर्वी ती नांदेडला आजोळी जायची, तेव्हा मामी ते करून घालायची, असे तिने सांगितले. हे आम्हा भावंडांना आजवर माहीत नव्हते. खानावळीच्या यादीत धपाटे नाहीत. चुलीवरचा तवा दादा, पंचवीस माणसांच्या गडबडीत मालकांना धपाटे करायला सांगणे रास्त होईल का, की आम्ही घरून करून न्यावेत?

चुलीवरचा तवा (धाराशिव)

घरून नेऊ नका, नाहीतर वहिनी पुन्हा सकाळपासून तव्यापुढे. सगळ्यांसाठी सांगितले तर भाकरीचे तवे अडकतील, म्हणून दहा-बाराच सांगा आणि ते भाकरीच्या आधी, साडेअकराला करायला लावा. ज्वारीचे पीठ, थोडी कणीक, थोडे बेसन, तीळ, ओवा, कोथिंबीर आणि हिरवी मिरची घालून पीठ मळायचे. लसूण फक्त आईंच्या चार धपाट्यांत घाला, म्हणजे बाकीचे जैन स्नेह्यांनाही वाढता येतील. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकले की मधोमध बोटाने भोके पाडून त्यांत तेल सोडायला सांगा, कडा कुरकुरीत होतात. दही मात्र सकाळी घरून न्या, खानावळीतले दही दुपारपर्यंत आंबट होते.